हेल्मेटमधला इंटरकॉम : हायवेवर शोभेला, अनोळखी शहरात कामाला

ब्लूटूथ इंटरकॉम म्हणजे हेल्मेटला लावून चालत्या गाडीवर एकमेकांशी बोलायचं आणि मॅप ऐकायचं यंत्र. त्याचे रिव्ह्यू बघायला बसलं की सगळीकडं तेच, लडाखचा रस्ता, रेंज किती, गाण्याचा बास कसा, आणि मग खाली लिंक. मला विचाराल तर मोकळ्या हायवेवर ह्या वस्तूची गरज सगळ्यात कमी असते. सरळ रस्ता, पुढचा बोर्ड दोन किलोमीटर आधीपासून दिसतोय, बोलायचं काय आहे त्यात. खरी गरज पडते ते अनोळखी शहरात शिरताना, जिथं लेन कुठं जाते माहीत नाही, बोर्डवरची भाषा वाचता येत नाही, मागं बस हॉर्न देतीय आणि टँकवर लावलेल्या मोबाईलकडं एक सेकंद जरी बघितलं तरी पुढची रिक्षा तेवढ्यात थांबलेली असते. आम्ही हा सेट सोलापूर ते हैदराबाद असा वापरला, दोन गाड्या, माझ्या मागं बायको, दुसऱ्या गाडीवर मित्र एकटा, आणि हा रिव्ह्यू त्यातल्या शेवटच्या तीसेक किलोमीटरचा म्हणजे हैदराबादच्या वेशीवरच्या पटनचेरूपासून पुढचा आहे असं समजा. आधीचा रस्ता मी पटकन उरकणार आहे.

ब्रँडचं नाव लिहीत नाही. एक तर हेच युनिट वेगवेगळ्या नावांचे स्टिकर लावून ऑनलाईन विकलं जाताना दिसतं, त्यामुळं नावाला फार अर्थ नाही, आणि दुसरं म्हणजे खाली ज्या तक्रारी आहेत त्या ह्या किमतीतल्या बहुतेक सेटला लागू होतील. दहा हजाराच्या आत जोडी येते त्या वर्गातला, साधा ब्लूटूथवाला, मेश नाही. मेश म्हणजे काय तर ग्रुपमधला एखादा मागं पडला आणि परत रेंजमध्ये आला की आपोआप जोडला जातो, साध्या ब्लूटूथमध्ये बऱ्याचदा बटण दाबून परत जोडावं लागतं. हा फरक दुकानदार नीट सांगत नाहीत आणि शहरात नेमका तोच फरक नडतो, पुढं सांगतो.

बॉक्समध्ये युनिट, दोन स्पीकर, दोन प्रकारचे माईक (फुल फेस हेल्मेटसाठी चिकटवायचा बटणासारखा छोटा माईक आणि मॉड्युलर किंवा ओपन फेससाठी दांडीवाला), क्लॅम्प, चिकटपट्टी, टाईप सी केबल. बसवायला वेळ द्या. संध्याकाळी निवांत टेबलावर हेल्मेट घेऊन बसा, निघायच्या दिवशी सकाळी नाही. स्पीकर कानाच्या बरोबर समोर आला पाहिजे, बोटभर जरी खाली किंवा मागं गेला तरी आवाज निम्मा होतो, मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि मग बाहेरचं काही ऐकू येत नाही. आणि तो कानावर दाबला गेला तर तासाभरात कान असा ठणकतो की नळदुर्गलाच हेल्मेट काढून फेकावंसं वाटतं. काही हेल्मेटमध्ये स्पीकरसाठी खोबणी दिलेली असते, तुमच्यात नसेल तर आतलं थर्माकोल कोरून जागा करू नका, कुणी कितीही म्हणू दे. ते थर्माकोलच डोकं वाचवतं, बाहेरचं कवच नुसतं नाही. ड्रिल मारून युनिट बसवणारेही बघितलेत, तो तर कहर. क्लॅम्प किंवा चिकटपट्टी, बास.

आता हायवे. सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकात हुमनाबाद, पुढं तेलंगणातलं झहीराबाद, संगारेड्डी, सगळा एनएच 65, हाच पुण्याहून येऊन पार मच्छलीपट्टणमला जातो. तीनशे किलोमीटरच्या आसपास. साठ-सत्तरच्या स्पीडला आवाज स्वच्छ, ऐंशीच्या पुढं माईकमध्ये वारा घुसतो आणि समोरचा बोलतोय का नुसता खर्रर्र करतोय कळत नाही, माईकवरचा स्पंज नीट बसवला की जरा बरं होतं. बॉक्सवर हजार मीटरची रेंज लिहिलीय, मोकळ्या माळावर पाच-सातशे मीटर मिळाली, खोटं कशाला बोलू. गाणी वाजतात. ठीक वाजतात. पण खरं सांगू का, सलग गप्पा मारत गेलं की लक्ष गप्पांत जातं आणि उमरग्याच्या पुढं एक ट्रॅक्टर विरुद्ध दिशेनं डिव्हायडरच्या कडेनं येत होता तो बायकोनं आधी बघितला, मी मित्राला कुठल्या तरी ढाब्याची गोष्ट सांगत होतो. त्यानंतर आम्ही ठरवलं की हायवेवर इंटरकॉम चालू ठेवायचा पण बोलायचं ते खड्डा, जनावर, पेट्रोल आणि चहा एवढंच.

पटनचेरूच्या आधी एका पेट्रोल पंपावर थांबलो आणि इथून खरा रिव्ह्यू सुरू.

पहिली गोष्ट, गुगल मॅप टू-व्हीलर मोडवर आहे का बघा. भारतात हा मोड 2017 च्या डिसेंबरपासून आहे तरी निम्मे लोक कारच्या मोडवरच गाडी चालवतात. हैदराबादला पटनचेरूपाशीच आउटर रिंग रोड लागतो, 158 किलोमीटरचा, आणि त्याच्यावर बाईकला बंदी आहे. कारच्या मोडवर असाल तर कानातली बाई तुम्हाला शांतपणे तिकडं चढायला सांगणार आणि तुम्ही रॅम्पच्या तोंडाशी ब्रेक मारून उभे, मागून डंपर. शहरात शिरताना बाईकवाल्याचा सगळ्यात मोठा घोटाळा हाच असतो, कुठला रस्ता आपल्याला चालतो ते बाहेरच्याला माहीत नसतं. मुंबईत सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, जेजे फ्लायओव्हर, सगळीकडं बाईकला नो एंट्री. बेंगळुरू-म्हैसूर एक्सप्रेसवेच्या मेन रोडवर 1 ऑगस्ट 2023 पासून बंदी. कुठल्याही नव्या शहरात जाताना आदल्या रात्री हे एवढं बघून घ्या की बाईकला काय काय बंद आहे, इंटरकॉम काय, कुठलंच गॅजेट ह्याला पर्याय नाही.

दुसरं, मॅपच्या सेटिंगमध्ये आवाज ब्लूटूथवर वाजू दे आणि कॉल चालू असतानाही वाजू दे असे दोन ऑप्शन असतात ते चालू करा. आमच्या युनिटमध्ये इंटरकॉमवर कुणी बोलत असलं की मॅपचा आवाज अर्धवट कापला जातो, "तीनशे मीटरवर..." आणि पुढचं डावं की उजवं ते गायब. महागड्या सेटमध्ये दोन्ही आवाज एकत्र ऐकू येतात म्हणे. ह्यात नाही येत. मग आम्ही सरळ उपाय केला, माझ्या कानातला मॅप बंद, मोबाईल बायकोच्या हातात, आणि ती सांगणार. आणि इथं ह्या सेटचे पैसे वसूल झाले.

पटनचेरू सोडलं की बीएचईएल, मियापूर, आणि तिथून पुढं डोक्यावर मेट्रो. जेएनटीयू, केपीएचबी, कूकटपल्ली, मूसापेट, भरतनगर, एर्रागड्डा, अमीरपेट, रस्त्याच्या मधोमध पिलर आणि दोन्ही बाजूला दुकानं, सिटी बस, शेअर रिक्षा. हैदराबादी लोक पत्तेच पिलर नंबरनं सांगतात, अमुक पिलरच्या समोर तमुक टिफिन सेंटर, आणि हे बाहेरच्या माणसाला फार सोयीचं आहे कारण आकडा वाचायला तेलुगू यावं लागत नाही. मॅपची बाई म्हणते चारशे मीटरवर उजवीकडं वळा, आता गर्दीत चारशे मीटर म्हणजे किती हे कुणाला कळतंय. बायको मागून म्हणायची, "अरे अजून नाही, ती निळी बस जाते ना तिच्या मागंच राहा, पुढं पिलरच्या मधून यू-टर्न आहे तिथं," की मला आरसा आणि पुढची रिक्षा एवढंच बघायचं काम. मॅप फक्त वळण सांगतो हो, माणूस बस दाखवतो. मागं बसणारा सोबत असेल तर त्याला ओझं समजू नका, नेव्हिगेटर करा, फक्त मोबाईलला मनगटाची दोरी लावा म्हणजे खड्ड्यात हातातून निसटणार नाही.

आणि यू-टर्नचं लक्षात ठेवा. हैदराबादेत बऱ्याच चौकांत सरळ उजवीकडं वळू देत नाहीत, पुढं जायचं, यू-टर्न घ्यायचा, परत मागं येऊन डावीकडं. सवय नसलेला माणूस चौकात उजवीकडं घुसायला बघतो आणि अडकतो. यू-टर्नच्या जागी पिलरमुळं समोरून कोण येतंय ते शेवटपर्यंत दिसत नाही, पायी चालणारी माणसंही त्याच पिलरच्या आडून एकदम बाहेर येतात, म्हणून तिथं गाडी जवळजवळ थांबवूनच पुढं घ्यायची. फ्री लेफ्टच्या लेनमध्ये सिग्नलला उभं राहू नका, मागचे हॉर्न तर देतातच, पोलीसही फोटो काढतात.

फ्लायओव्हर हा आणखी एक प्रकार. वरून जायचं का खालून हे मोबाईलला नीट ओळखता येत नाही, दोन्ही रस्ते नकाशावर एकमेकांवरच असतात, त्यात डोक्यावर मेट्रोचं छत म्हणजे जीपीएस आणखी गोंधळतो. अशा वेळी कानातल्या बाईचं ऐकून शेवटच्या क्षणाला लेन बदलली तर संपलं. आमचा नियम असा की फ्लायओव्हरच्या आधी बायकोनं "वर" किंवा "खाली" एवढा एकच शब्द बोलायचा आणि तोही वेळेत, उशीर झाला तर गप्प बसायचं आणि मी आहे त्या लेननं जाणार. चुकीच्या फ्लायओव्हरवर गेलं तर जास्तीत जास्त दोन किलोमीटर फुकट जातात, चहा पिऊन परत यायचं.

आता दुसऱ्या गाडीचं. शहरात रेंज पार कोलमडते. बॉक्सवरचे हजार मीटर विसरा, मधे दोन बस आणि एक वळण आलं की दीडशे-दोनशे मीटरला मित्राचा आवाज तुटायला लागतो, एर्रागड्ड्याच्या सिग्नलला आम्ही निघालो, तो लालमध्ये अडकला, आणि इंटरकॉम बंद. परत जवळ आला तरी आपोआप जोडला गेला नाही, दोघांनी बटण दाबायचं, मग बीप, मग ती चिनी उच्चारातली इंग्रजी बाई काहीतरी बोलणार, मग जोडलं. चालत्या गाडीवर हातमोजे घालून ही बटणं दाबता येत नाहीत, शेंगदाण्याएवढी आहेत आणि तिन्ही सारखीच लागतात. म्हणून ज्यांचा तीन-चार गाड्यांचा ग्रुप आहे त्यांनी पैसे साठवा आणि मेशवालाच घ्या, हा घेऊ नका. दोन गाड्यांना चालून जातं पण एका अटीवर, इंटरकॉम तुटला म्हणून कुणी कुणाला गाठायला पळायचं नाही. अनोळखी शहरात पुढच्याला गाठायच्या नादात मागचा पिवळा सिग्नल तोडतो, तिथंच धडपडतो. आमचं आधीच ठरलेलं होतं, हरवलो तर अमीरपेट मेट्रो स्टेशनच्या पुढच्या पेट्रोल पंपावर भेटायचं, दोघांकडं लोकेशन सेव्ह, मॅप ऑफलाईन उतरवलेला. मित्र दहा मिनिटांनी निवांत आला, वर पुन्हा सांगतो काय तर वाटेत उस्मानिया बिस्किटं घेतली.

पंजागुट्टा, लकडी का पूल, नामपल्ली करत पुढं कोटीवरून काचीगुडा. तिथं बायकोचे मामा राहतात. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या लोकांना हैदराबाद तसं परकं नाही, कुणाचा ना कुणाचा मामा, आत्या तिथं असतेच, निजामाच्या काळापासूनचं येणं-जाणं. काचीगुड्याच्या गल्ल्यांत शिरल्यावर मी इंटरकॉमच बंद करायला सांगितला. गल्लीत कानच पाहिजेत, मागून येणारी स्कूटी, दारातून पळत येणारं पोरगं, कुणीतरी "अरे मियाँ उधर से नक्को जाओ, रास्ता बंद है" असं ओरडतोय, हे सगळं कानात स्पीकर चालू असेल तर हुकतं. चारमिनारकडं तर गाडी नेलीच नाही. मामा म्हणाले, "गाडी इथंच असू द्या, रिक्षानं जाऊ," आणि बरोबर होतं ते. मदिना, पत्थरगट्टीच्या गर्दीत बाहेरगावच्या पासिंगची, बॅगा लावलेली जड बाईक घालणं म्हणजे सेफ्टीचा प्रश्न नाही, नुसता हट्ट आहे.

पावसात कसा चालला. हुमनाबादच्या पुढं चांगलाच लागला, युनिटला काही झालं नाही, चार्जिंगच्या तोंडावरचं रबर मात्र सैल आहे, मी त्यावर टेप मारली. बॅटरी एका चार्जवर सोलापूर ते काचीगुडा पुरली आणि शिल्लक राहिली, ह्यात तक्रार नाही.

कायद्याचं विचारतात लोक म्हणून सांगतो. फोन हातात धरून बोलत चालवणं गुन्हाच आहे, केंद्राच्या नियमात 2020 साली जी दुरुस्ती झाली त्यात हातातलं डिव्हाइस फक्त रस्ता बघण्यापुरतं आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं वापरायची मुभा आहे. त्यामुळं पोलिसानं थांबवलं तर "साहेब नेव्हिगेशन आहे" म्हणा पण गाणी चालू ठेवून म्हणू नका. हैदराबादचे पोलीस फार अडवत नाहीत, फोटो काढतात आणि ई-चलान घरी. मागच्यालाही हेल्मेट लागतंच, आयएसआय मार्कवालं, अर्धी वाटी चालणार नाही. हेल्मेट नसेल तर कायद्यात हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. कागद डिजीलॉकरमध्ये असले की झालं.

मोबाईल हँडलवर लावणाऱ्यांसाठी एक. बाईकच्या इंजिनाच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं असं ॲपलनंच 2021 मध्ये जाहीर लिहिलंय. लावायचाच असेल तर कंपनं शोषून घेणारा, डॅम्परवाला होल्डर घ्या. मला तर कानात आवाज असताना हँडलवर स्क्रीन नकोच वाटते, कितीही ठरवलं तरी नजर जातेच.

आणीबाणीचं ह्या सेटमध्ये काही नाही, एखादं एसओएस बटण असतं तर बरं झालं असतं. हेल्मेटच्या मागं रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला स्टिकर लावलाय, तो ह्या युनिटपेक्षा जास्त उपयोगी आहे. तेलंगणात 108 आणि 112 दोन्ही लागतात, 108 ॲम्ब्युलन्सची सुरुवातच 2005 साली हैदराबादेतून झाली, आणि हायवेवर असाल तर 1033.

कस्टमर केअर यथातथाच. जोडणी तुटण्याबद्दल विचारलं तर व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवलं, तेच जे बॉक्समध्ये होतं. फर्मवेअर अपडेटसाठी लॅपटॉप लागतो, मोबाईलवरून होत नाही.

मग घ्यायचा का. नवरा-बायको किंवा दोघं मित्र एकाच गाडीवर फिरत असाल आणि वर्षातून दोन-तीनदा नवीन शहरात जात असाल तर डोळे झाकून घ्या, ओरडून ओरडून आणि पाठीवर थापा मारून रस्ता सांगण्याचे दिवस संपतील. दोन गाड्या असतील तर मी वर सांगितलेली तडजोड चालत असेल तरच. एकटेच फिरत असाल तर एवढा महाग सेट नको, नुसतं मॅप ऐकवणारं एक साधं हेल्मेट युनिट निम्म्याहून कमी किमतीत येतं. इयरफोन खुपसून मात्र जाऊ नका, बाहेरचे हॉर्न बंद होतात. ऑनलाईन घेतलात तर परत करायची मुदत संपायच्या आत आपल्याच हेल्मेटमध्ये बसवून, हातमोजे घालून, आपल्याच गावातल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकातून दोन फेऱ्या मारा. आमच्याकडं सोलापुरात सात रस्ता चौक आहे, तिथं बटण सापडलं तर कुठंही सापडेल.